सही जुळत नाही

माझं बँकेतलं निम्मं काम सह्या बघायचं आहे. पूर्वी खरा चेक हातात यायचा, आता त्याचा फोटो येतो, म्हणजे स्क्रीनवर एका बाजूला चेकची इमेज, दुसऱ्या बाजूला खातं उघडताना दिलेली नमुना सही आणि त्या दोघींच्या मधे मी. जुळली तर पास. नाही जुळली तर रिटर्न, कारण क्रमांक १२, ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स. सतरा वर्षं हेच करतेय त्यामुळे आता लोकांच्या सह्या मला चेहऱ्यासारख्या ओळखू येतात, कोण घाईत होतं, कोणी गुडघ्यावर चेकबुक ठेवून सही ठोकलीय, कुठल्या आजोबांचा हात थरथरायला लागलाय आणि त्यांना फोन करून सांगायला हवं की एकदा येऊन नवीन सही देऊन जा.

तर मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या टेबलवरचा मुलगा (नवीन आहे, पण नजर चांगली आहे त्याची) खुर्ची सरकवत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हा तुमचाच आहे ना?" सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक. माझाच. आणि सही काय सांगू, आडनावाचं शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली घरंगळलेलं, मधली गाठ सुटलेली, शाळेतल्या पोराने प्रगतीपुस्तकावर आईची खोटी सही करावी तशी. "पास करू ना?" त्याने विचारलं. मी दोन्ही सह्या बराच वेळ बघितल्या आणि म्हटलं, रिटर्न कर. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

गंमत नव्हती. दुसऱ्या कुणाची असती तर एका सेकंदात परत पाठवली असती मी. सेक्रेटरी चिडले ते चिडलेच, वर रिटर्नचा चार्ज पडला तो वेगळा.

मला एमएस आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा बिल्डिंगमधे उच्चारलं तेव्हा समोरच्या काकूंनी "अरे वा, या वयात? कुठून करतेयस?" असं विचारलं होतं. तेव्हापासून मी पूर्ण नाव सांगते, मल्टिपल स्क्लेरोसिस, ते ऐकून लोक गप्प तरी बसतात. आपल्याच शरीराची राखण करणारी फौज चुकून मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते, त्या आवरणाला मायलिन म्हणतात, आणि ते गेलं की निरोप नीट पोचत नाही. सगळे डॉक्टर यासाठी वायरच्या प्लास्टिकचं उदाहरण देतात. मी आत्तापर्यंत चार डॉक्टरांकडून ऐकलंय, चौघांनी वायरच सांगितली, एकाने तर समोरचा चार्जर उचलून दाखवला.

पहिला अटॅक २०११ मधे, डाव्या डोळ्याला. डोळा फिरवला की मागे ठणकायचं आणि दोन दिवसांत काचेवर कुणी तुपाचं बोट फिरवावं तसं मधोमध झालं. सगळ्यात विचित्र म्हणजे लाल रंग गेला. उजवा डोळा झाकून स्टॅम्प पॅडकडे बघितलं की लाल शाई पार विटलेली, जुन्या विटेसारखी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत टॉर्च मारून बघितलं, सगळं एकदम स्वच्छ. पुढे न्यूरोवाल्या डॉक्टरांनी सांगितलं की या प्रकाराबद्दल डॉक्टर लोकांत एक जुना विनोद आहे, पेशंटलाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. दोन महिन्यांत नजर जवळजवळ पूर्ण परत आली आणि मी ते विसरून गेले. टेन्शन घेता का असं एकाने विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. मुंबईत नोकरी करून डोंबिवलीला राहणारं कोण टेन्शन घेत नाही.

मग दीड वर्षाने चप्पल. डोंबिवली स्टेशनवर सकाळी साडेआठच्या गर्दीत मागून एक बाई ओरडल्या, "अहो ताई, चप्पल!" वळून बघते तर माझी डावी चप्पल दहा पावलं मागे एकटीच पडलेली आणि मी एका चपलेवर मस्त चालत निघालेय. तुटली नव्हती, पायातून सुटली होती, आणि पायाला पत्ताच नाही. लोक हसले, मीही हसले. त्याच आठवड्यात विळीवर भाजी चिरायला मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून करंट खाली जायला लागला, अगदी पायाच्या अंगठ्यापर्यंत. मग एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणं, तीन दिवस स्टिरॉइडच्या सलाइनी आणि २०१३ च्या मार्चमधे कागदावर नाव.

हा आजार पहिल्यांदा नीट मांडला १८६८ मधे, पॅरिसच्या साल्पेट्रिएर हॉस्पिटलात, झां-मार्टिन शार्को नावाच्या डॉक्टरांनी. मी रात्री मोबाईलवर हे सगळं वाचत बसायचे. पुढे हेच शार्को त्याच हॉस्पिटलात हिस्टेरियावरच्या कामासाठी जगभर गाजले. मला हे फार लागलं. म्हणजे एकाच माणसाच्या एका हातात "हिच्या नसांवर खरंच डाग आहेत" आणि दुसऱ्या हातात हिस्टेरिया, आणि समोरची बाई कुठल्या हातात जाणार हे कशावरून ठरत असेल. एमआरआय नव्हतं तेव्हा. डाग दिसायचे ते मेल्यावर, मेंदू कापून.

आता एक गोष्ट मला सुरुवातीला कुणी नीट सांगितली नव्हती, ती सांगते. नवीन अटॅक वेगळा आणि रोजचं वर-खाली वेगळं. अटॅक म्हणजे नवा डाग, तो आठवडे चालतो, त्याला सलाइन लागतं, मला आत्तापर्यंत पाच आले. औषधं आहेत ती हे अटॅक कमी करायला. मी पहिली चार वर्षं इंटरफेरॉनचं इंजेक्शन घेत होते, आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री, म्हणजे ताप काय यायचा तो रविवारी येऊन जाईल आणि सोमवारी क्लिअरिंगला बसता येईल. आता गोळ्या आहेत. पण औषध लागू पडतंय हे कळायचा रस्ता एकच, काही न होणं. आणि काही झालं नाही हे तुम्ही कोणाला दाखवणार?

रोजचं वर-खाली मात्र जुन्या डागांचं असतं. त्या नसा कशाबशा काम करत असतात आणि अंग जरा तापलं, अर्धा डिग्री म्हणा, की निरोप अडायला लागतात. ते मी शिकले नरकचतुर्दशीला. २०१३ ची दिवाळी, निदान होऊन सात-आठ महिने झालेले, मी तशी बरी होते. आमच्याकडे अभ्यंगस्नान म्हणजे पहाटे साडेचार, तेल, उटणं आणि अंग भाजेल असं कडकडीत पाणी, सासूबाई स्वतः बादली काढून देतात. तिसऱ्या-चौथ्या तांब्याला डावा डोळा धुरकटला. मला वाटलं वाफ. मग पाय सैल पडले, अगदी सैल कणकेसारखे, आणि मी पाटावरून उठूच शकेना. नवऱ्याने टॉवेल गुंडाळून बाहेर काढलं. पंख्याखाली पडले अर्धा तास आणि सहा वाजता, विश्वास ठेवा, मी उठून चकल्या-शंकरपाळ्यांची ताटं भरत होते. सासूबाईंनी माझ्याकडे जी नजर टाकली ना, ती मला अजून आठवते. रागाची नव्हती. हिशेब न लागल्याची होती. आमच्याकडे दिवसाच्या शेवटी कॅश दहा रुपयांनी जास्त भरली की कॅशिअर तसा बघतो.

नंतर वाचलं की विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मधेच टिपून ठेवलं होतं, अशा पेशंटची नजर दमल्यावर अंधुक होते आणि विश्रांती घेतली की परत येते. पुढे कळलं की खरा चोर म्हणजे अंगातली उष्णता. एमआरआय यायच्या आधी तर डॉक्टर संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायचे आणि लक्षणं येतात का बघायचे, हॉट बाथ टेस्ट म्हणायचे त्याला. थोडक्यात आमच्या सासूबाईंनी घरच्या घरी, उटण्यासकट, ती टेस्ट करून घेतली होती.

पुढच्या दिवाळीला मी आदल्या रात्रीपासून घाबरलेले, नको कसं म्हणायचं, पहाटे अंघोळ केली नाही तर नरकात जातात वगैरे. न्हाणीत गेले, बादलीत हात घातला, कोमट. बाहेरून आवाज आला, "नरकात विचारलं कोणी तर माझं नाव सांग." त्यानंतर आजपर्यंत माझी बादली वेगळी निघते आणि त्या विषयावर आम्ही दोघी कधी एक शब्द बोललेलो नाही. माझ्या आजाराबद्दल त्यांनी एकदाही काही विचारलेलं नाही, आणि कोमट बादली एकदाही चुकलेली नाही.

माहेर अकोल्याचं. अकोल्याचा मे तुम्हाला माहीत असेल, नसेल तर देवाचे आभार माना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. लहानपणी आम्ही कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांसमोर आडवे पडून आंबे खायचो. आता मी मे महिन्यात तिकडे जाऊच शकत नाही, जाते ती डिसेंबर-जानेवारीत, थंडीत. आणि थंडीत मी अशी काही तरतरीत असते की काय सांगू, स्टेशनवरून बॅग घेऊन उतरते, भावाच्या पोरांबरोबर गच्चीवर पतंग उडवते. त्यामुळे अकोल्याच्या नातेवाइकांनी आजारी मी कधी बघितलेलीच नाही. मोठी मामी तर सरळ म्हणते, "पोरीले काई तं नाई झालं, धडधाकट हाये. मुंबईवाल्या डॉक्टरायचे धंदे हायेत सारे." आणि इकडे डोंबिवलीत, ऑक्टोबर हीटमधे, घामाने निथळत तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेकत चढणारी जी बाई शेजाऱ्यांना दिसते, ती पतंग उडवू शकते हे त्यांना कुणी सांगितलं तर ते म्हणतील दुसरी कोणीतरी असेल.

गंमत म्हणजे हा आजार विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका जास्त सापडतो, थंड देशांत जास्त. थंड देशातला आजार आणि अकोल्याचं माहेर, वर मुंबईचा दमट उकाडा. नशीब बघा.

पण माझी तक्रार वाईट दिवसांबद्दल नाहीच आहे फारशी. वाईट दिवशी मी पडून असते, दिसतं कोणालाही. माझी अडचण चांगले दिवस करतात. चार वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीचं लग्न होतं नाशिकला, डिसेंबरात, कडाक्याची थंडी, आणि संगीताच्या रात्री मी नाचले. चांगली वीस मिनिटं नाचले. मला माहीत होतं याचं बिल येणार आहे पण इतकं छान वाटत होतं, पाय माझे होते, मी म्हणेन तिथे पडत होते. कोणीतरी व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी लग्नाला मी खुर्चीत बसून होते आणि तिसरा दिवस पूर्ण अंथरुणात, छातीभोवती कुणी ओल्या दोरीने आवळल्यासारखं, साधा ग्लास उचलताना हात कापत होता. तिसऱ्या दिवसाचा व्हिडिओ कोण काढतो. तो वीस मिनिटांचा तुकडा मात्र अजून फिरतोय. मे महिन्यात एका वास्तुशांतीला लिफ्ट बंद होती म्हणून मी येत नाही म्हटलं तर उत्तर आलं, "अगं डिसेंबरात तर काय नाचत होतीस!" पुढे हसणारी इमोजी.

यात दुष्टपणा नाही, मला कळतं. लोकांना आजार म्हणजे एक तर वाढत जाणारा माहीत असतो किंवा बरा होणारा. प्लास्टर दिसतं, ते निघतं, विषय संपतो. सकाळी आठला जिना चढणारी आणि दुपारी दोनला बाटलीचं झाकण न उघडता येणारी बाई, हिला कुठल्या खणात ठेवायचं? मग साहजिकच मनात येतं की काम सांगितल्यावर बरं दुखायला लागतं हिला.

आणि यांच्यापेक्षा जास्त संशय मलाच असतो हे कबूल करायला हवं. चांगले दिवस लागोपाठ चार-पाच आले ना की मला माझीच शंका यायला लागते. खरंच इतकं होत होतं का? की मी जरा लाडच करून घेत होते? मग मी सिद्ध करायला निघते, माळा उतरवून साफ करते, गहू निवडते, पडदे धुते, दोन माणसांचा स्वयंपाक असताना पुरणपोळी घालते, आणि तिसऱ्या दिवशी भिंत धरून बाथरूमला जाते. तेव्हा आठवतं, हो, हे असंच होतं. खरं सांगू का, बरी असलेली मी ही माझी सगळ्यात कडक सासू आहे. खरी सासू त्या मानाने कितीतरी बरी.

सर्टिफिकेटची गोष्ट सांगायची राहिलीच. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, त्यात आमचा नंबर नव्हता. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे शब्द चक्क नावानिशी आले, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी पेढ्यांच्या इमोजींचा पाऊस पडला होता. मात्र पुढचं वाचलं तेव्हा कळलं की सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाचं जे कलम आहे, ३४ वं, त्यातल्या यादीत आम्ही नाही. म्हणजे जेवायला बोलावलंय, पान मात्र मांडलेलं नाही. मला स्वतःला त्या आरक्षणाचा उपयोग नव्हता, पण ग्रुपवर पंचविशीतली पोरं आहेत परीक्षा देणारी, त्यांच्यासाठी जीव तुटतो. आणि शब्दसुद्धा बदलला मधल्या काळात, आता दिव्यांग म्हणायचं. मला तो शब्द काही केल्या जिभेवर बसत नाही. ज्या अंगाला स्वतःची चप्पल सांभाळता येत नाही त्यात दिव्य काय आहे बाबा.

तर कुठलाही लाभ हवा असेल तर किमान चाळीस टक्के लागतात. मी गेले २०१९ च्या जानेवारीत, सरकारी हॉस्पिटलात, सकाळची वेळ, छान गारवा. नंबर लवकर लागला. डॉक्टर म्हणाले चालून दाखवा. मी चालले. सुरेख चालले हो! टाचेवर चाला म्हणाले, चालले. हात दाबून बघितले, मी दाबले. मला आतून ओरडायचं होतं की अहो आज नका बघू, पण अंगाला कोण सांगणार, ते बिचारं इतके महिने नीट वागलं नव्हतं आणि नेमकं परीक्षकांसमोर शहाण्या मुलासारखं वागत होतं. टक्के चाळीसच्या आत आले. त्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. मीही तेच करते रोज.

मग परत अर्ज केला आणि मे महिन्यात गेले. मुद्दाम. आणि आता जे सांगतेय ते मी नवऱ्यालाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं, मी स्टेशनवरून रिक्षा केली नाही. दुपारी बारा वाजता, छत्री न उघडता, चालत गेले. हॉस्पिटलच्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर डावा पाय फरफटायला लागला होता, डोळ्यापुढे धुरकट, जीभ जड. डॉक्टरांनी बघितलं, फाइल बघितली, एमआरआय बघितला, जास्त काही न विचारता लिहिलं. पंचेचाळीस टक्के. पिवळी पट्टी असलेलं कार्ड घरी आलं तेव्हा नवरा म्हणाला चला झालं एकदाचं, आणि मी बाथरूममधे जाऊन रडले. खोटं काहीच केलं नव्हतं मी. त्या दुपारी जे दिसलं ते वर्षातले किमान चार महिने असतंच. तरी पकडली गेल्यासारखं वाटत होतं. खरी साक्ष द्यायची म्हणून मी स्वतःला मुद्दाम आजारी पाडलं, याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कार्डामुळे लोकलच्या अपंगांसाठीच्या डब्यात चढता येतं. माझी बँक लालबागला, उतरायचं करी रोड, मी डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडते, वेळ जास्त जातो पण दादरला गाडी बदलायचा पूल टळतो. लोकलमधे टॉयलेट नसतं, आणि या आजारात एकदा लागली की थांबता येत नाही हे कुठे मोकळेपणी बोलता येत नाही म्हणून इथेच सांगून टाकते, मला त्या लाइनवरच्या कुठल्या स्टेशनला टॉयलेट पुलाच्या कुठल्या टोकाला आहे आणि कुठल्या टॉयलेटला सकाळी कुलूप असतं हे तोंडपाठ आहे. पाणी मी घरून निघायच्या दोन तास आधी बंद करते. ते चुकीचं आहे हेही माहीत आहे.

पहिल्याच आठवड्यात कुबड्यावाले एक काका म्हणाले, "मॅडम, लेडीज पुढे आहे." मी कार्ड काढलं. त्यांनी कार्ड बघितलं, मग मला बघितलं, मग परत कार्ड. म्हटलं जुळत नाही ना? ते काही बोलले नाहीत, सरकून जागा दिली. त्यांचा राग नाही मला. त्या डब्यात रोज दहा धडधाकट माणसं घुसतात आणि काठीवाला दारात लोंबकळतो, हे मीही बघते. आता आमची ओळख झालीय, मी नसले की विचारतात.

पण त्यानंतर सहा महिन्यांनी मी काय केलं माहितीये? एक पोरगा बसलेला, बावीस-तेवीसचा, कानात हेडफोन, पाय पसरून, झोपलेला. एक आंधळे गृहस्थ उभे होते. मी त्याच्याकडे अशी बघत राहिले, अशी बघत राहिले की मुलुंडला त्याला जाग आली. काही बोलले नाही मी, नुसतं वर लावलेल्या बोर्डाकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. तो गडबडून उठला, जागा दिली, आणि उठताना मांडीवरची कापडी पिशवी कलंडली, त्यातून फाइल बाहेर आली. टाटा हॉस्पिटलची. टोपी घातली होती त्याने, आता नीट बघितल्यावर कळलं की भुवयाच नाहीत. परळला उतरायचं असणार त्याला, माझ्या आधीचं स्टेशन. कॅन्सर पेशंटना त्या डब्याची परवानगी असते हे मला चांगलं माहीत होतं. तो मुलुंडपासून परळपर्यंत खांब धरून उभा राहिला आणि मी काही म्हणून बोलले नाही, सॉरीसुद्धा नाही, शब्दच सुचेनात. तेव्हा कळलं की सह्या बघायची सवय बँकेत ठेवून येत नाही मी.

तर तो चेक. रिटर्न केल्यावर ब्रँच मॅनेजर म्हणाले, अहो सही बदलून टाका ना, सोपी करा, नुसती आद्याक्षरं ठेवा. नियम मला पाठ आहेत, ज्याला सहीच करता येत नाही त्याचा अंगठा चालतो, हाताचा नसेल तर पायाचासुद्धा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. चांगला नियम आहे, आमच्या एका पेन्शनर आजींसाठी मी स्वतः घरी जाऊन साक्षीदार राहिलेय. पण तो नियम सही करता न येणाऱ्यांसाठी आहे. सोमवारी येते आणि गुरुवारी येत नाही याला फॉर्ममधे रकाना नाही.

मी सोपी सही करून बघितली कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, पानभर. चांगल्या दिवशी हात आपोआप जुनी सही करून मोकळा होतो, वीस वर्षांची सवय, शेपटीसकट. आणि वाईट दिवशी ती दोन अक्षरंही आपापल्या मर्जीने पडतात.

शेवटी जानेवारीतल्या एका सकाळी मी सही बदलाचा फॉर्म घेतला, त्यावर एक सही केली, सुंदर, गाठीसकट, आणि फॉर्म ड्रॉवरमधे ठेवून दिला. एप्रिलच्या शेवटी, एसी बंद पडला होता त्या दुपारी, तो बाहेर काढला आणि खालच्या चौकटीत दुसरी केली. आणि वर पेनाने लिहिलं, दोन्ही ग्राह्य धराव्यात. मॅनेजरनी चष्मा वर करून बघितलं, काहीतरी बोलणार होते, मग शिक्का मारला.

शेजारच्या मुलाने स्कॅन केल्या. मी त्याच्या मागे उभी राहून बघत होते. दुसरी स्क्रीनवर फारच वाकडी दिसत होती, म्हटलं कागद तिरका लागलाय का रे, परत कर एकदा. त्याने कागद उचलून बघितला, परत ठेवला. म्हणाला, "कागद सरळच आहे मॅडम." आणि सेव्ह केलं.